घाटउतार (अवजड ट्रकचा)

माल भरलेला ट्रक घाटातून ताब्यात ठेवून खाली आणण्याची रीत, आणि त्यासाठी लागणारी ब्रेकची निगा. चढावर ट्रक दमला तर जागीच उभा राहतो. उतारावर दमतात ते ब्रेक, आणि ट्रक उभा राहत नाही.

बोर घाटात लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच, तर पायथ्याची खोपोली त्याच्या पाचशेहून अधिक मीटर खाली. २०१८ साली भारमर्यादा वाढल्यावर तीन आसांच्या ट्रकचे मालासह वजन २५ वरून २८.५ टनांवर गेले. असा ट्रक पाचशे मीटर उतरताना सुमारे ३९ युनिट विजेइतकी ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्यात पावणेपाचशे लिटर पाण्याला उकळी येईल. त्यातली मोठी वाटणी इंजिनाने उचलली नाही, तर ती उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रमात साचते.

तापलेला ड्रम फुगतो. ड्रमाला आतून घासून चाक रोखणाऱ्या लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावे लागते, शिवाय त्याची पकडही उतरते. लायनर ढकलणाऱ्या ब्रेक चेंबरच्या दांड्याची सरक मात्र ठरलेली असते. ती संपली की पेडल कितीही दाबा, जोर चाकापर्यंत पोचत नाही. ड्रम निवल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागू शकतात. त्यामुळे बातमीतल्या ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांवर फार विसंबू नये: पुष्कळदा काही तुटलेले नसते, ब्रेक नुसते शिजलेले असतात.

या ब्रेकची ताकद हवेची. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत साधारण ७ ते ८ बार दाबाने हवा भरतो. पार्किंग ब्रेकची रचना उलटी: तिथे जोर स्प्रिंगचा असतो आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हवा उतरली की स्प्रिंग सुटते आणि चाके आवळली जातात. पण ही स्प्रिंगही त्याच तापलेल्या ड्रमावर तेच लायनर दाबते, म्हणून ऐन घाटात तिचा भरवसा धरता येत नाही.

खरा ब्रेक गिअर. ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात, किंवा त्याच्याही खालच्या गिअरात उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि ट्रक न्यूट्रलमध्ये अडकतो. इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असल्यास तोही आधीच लावावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याची खोड तर निव्वळ तोट्याची आहे. आजच्या इंजिनांत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल तुटते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला ते जळतच राहते. इंजिन बंदच केले तर कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते.

घाट नावाचाच असावा लागतो असे नाही. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या लांब उताराला कुणी घाट म्हणत नाही, पण २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली.

निगा साधी, पण रोजची. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि हवा कुठे फुसफुसते का ते ऐकायचे. टाक्यांत साचलेले पाणी काढायचे. पावसाळ्यात ते जास्त निघते. दांडा आणि ब्रेक यांना जोडून त्यांतली ढिलाई काढणारा स्लॅक ॲडजस्टर सैल पडला असेल तर दांड्याची बरीचशी सरक ड्रम थंड असतानाच खर्ची पडते आणि घाटासाठी उरत नाही. एका चाकाचा ब्रेक ढिला असला की त्याच्या वाट्याचे काम बाकीच्यांवर पडते व ते लवकर तापतात. घाट उतरल्यावर धुरावलेल्या ड्रमावर पाणी ओतू नये. ओतीव लोखंड तडकते.