होडीवर एअरकूल डिझेल जनरेटर बसवताय? आधी हवेची वाट करा

जालना : गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून वाहते. घनसावंगी तालुक्यातल्या जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी या बंधाऱ्यांमुळे नदीत पाणी अडतं. निम्न दुधनाचं बॅकवॉटर परतूर-मंठ्याकडे पसरतं. पाणी आलं की होड्या, जाळी, मत्स्यपालनाचे पिंजरे आणि तराफेही येतात. मग रात्रीचा उजेड, पिंजऱ्यातला एअरेटर किंवा छोट्या पंपासाठी होडीवर जनरेटर ठेवायचा विषय निघतो. तो कसा बसवायचा, याची ही माहिती.

खरंच गरज आहे का?

नुसता उजेड हवा असेल तर जनरेटर घेऊ नका. 10 वॅटचे दोन एलईडी आठ तास जाळले तर 160 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 40 अँपिअरची बॅटरी ते आरामात देते आणि घरी किंवा सोलरवर चार्ज होते. एअरेटर, पंप, वेल्डिंग असं काम असेल तरच जनरेटरचा विचार करा.

मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. म्हणून एक एचपीची मोटर 750 वॅटची असली तरी तिला साधारण 3 केव्हीएचा जनरेटर लागतो. उलट फार मोठा जनरेटर घेऊन दोन दिवे लावले, तर इंजिनात काजळी धरते आणि सायलेन्सरमधून ऑइल यायला लागतं.

एअरकूलच का?

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला नदीतून पाणी ओढावं लागतं. त्यासाठी होडीला भोक पाडायचं, पाईप टाकायचा, आणि गाळ-जलपर्णीनं तो तुंबला की इंजिन तापलंच. एअरकूलला ही कटकट नाही. पण हे इंजिन चारी बाजूंनी पाणी असलं तरी त्याचा काही उपयोग करत नाही. त्याला फक्त हवा लागते. सगळ्या चुका इथंच होतात.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. छोटा जनरेटर त्यातून अडीच-तीन युनिट वीज देतो, बाकी सगळी उष्णता होते. म्हणजे तासाला एक लिटर जळत असेल तर केबिनजवळ एक किलोवॅटचे सात हिटर पेटल्यासारखंच आहे. मे महिन्यात हवाच 42 अंशांवर असते, तेव्हा तर इंजिनाची ताकदही कमी पडते. उन्हाळ्यात पाऊण लोडच्या वर जाऊ नका.

तीन वाटा वेगळ्या ठेवा

1. थंड हवा आत : इंजिनाच्या पंख्याला सरळ बाहेरची हवा मिळाली पाहिजे. ही वाट गरम हवा बाहेर जाण्याच्या वाटेपेक्षा मोठी ठेवा. पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत अशी झडप लावा.

2. गरम हवा बाहेर : इंजिनावरून आलेली गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून थेट बाहेर सोडा. ती फिरून परत पंख्यात गेली तर इंजिन तासाभरात तापून बसतं. म्हणून दोन्ही तोंडं वेगवेगळ्या बाजूंना हवीत.

3. धूर बाहेर : इंजिन आणि पाईप यांच्या मध्ये लवचिक स्टीलचा तुकडा टाका, नाहीतर हादऱ्यानं जोड तुटतो. पाईपला ग्लासवूल गुंडाळा, लाकडाला किंवा फायबरला टेकू देऊ नका. पीव्हीसी पाईप अजिबात नको. शेवटचं टोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी इंजिनात शिरणार नाही.

धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं आणि माणूस झोपेतच जातो. जनरेटर चालू असताना केबिनमध्ये कुणीही झोपायचं नाही. असा त्रास झाला तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, इंजिन बंद करा आणि 108 ला फोन करा.

वजन आणि बैठक

5 केव्हीएचा उघडा सेट साधारण 100 किलोचा, सायलेंट सेट त्याहून बराच जड. तो होडीच्या मध्यरेषेवर आणि जमेल तितका खाली बसवा. टपावर तर नकोच. 21 मे 2024 ला उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जणांचा जीव गेला. वारा आपल्या हातात नाही, पण वजन उंचावर ठेवायचं की नाही हे आपल्या हातात आहे.

खाली दोन आडवे चॅनेल टाकून वजन होडीच्या फासळ्यांवर वाटा, रबर पॅड ठेवा आणि नट-बोल्टनं आवळा. नुसतं दोरीनं बांधू नका. खाली ट्रे ठेवला म्हणजे सांडलेलं डिझेल-ऑइल नदीत जात नाही. डिझेलचा डबा धुराच्या पाईपपासून लांब ठेवा, चालू इंजिनात डिझेल भरू नका आणि पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच

होडीवर घरासारखी जमिनीतली अर्थिंग नसते. म्हणून न्यूट्रल जनरेटरच्या सांगाड्याला जोडून तिथून प्रत्येक उपकरणाच्या धातूच्या अंगापर्यंत अर्थची वायर न्यावी लागते आणि पुढे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा लागतो. ही जोडणी नसेल तर आरसीसीबी असूनही शॉक लागताना पडेलच असं नाही. ओल्या होडीत 230 व्होल्ट म्हणजे थेट जिवाशी खेळ.

पाण्यात नेण्याआधी

होडी काठाला बांधा, माणसं आणि सामान चढवा, पाणी कुठपर्यंत येतं ती खूण करा. मग एक तास लोडवर चालवा. केबिनमध्ये धुराचा वास येतो का, जवळचं लाकूड तापतं का, बोल्ट ढिले होतात का, बघा. ऑइल दररोज तपासा, पण होडी सपाट असताना. एअर फिल्टर आणि सिलिंडरच्या पात्या साफ ठेवा.

होडी स्वतः इंजिनावर चालत असेल तर अंतर्देशीय जहाज कायदा 2021 नुसार नोंदणी आणि तपासणी लागते. जलाशयात होडी घालायला जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. कागद जवळ ठेवा, आणि होडीत जितकी माणसं तितकी लाईफ जॅकेट.