ज्वालाग्राही : नेवाकाठच्या एका गिरणीची गोष्ट

१२ एप्रिल २०२१ रोजी, सोमवारी दुपारी, सेंट पीटर्सबर्ग शहरात नेवा नदीच्या उजव्या तीरावरील ‘नेव्स्काया मानुफाक्तुरा’ या जुन्या लोकर-गिरणीला आग लागली. युरी गागारीनच्या अंतराळ-उड्डाणाला त्याच दिवशी साठ वर्षे पूर्ण होत होती. आकाशाकडे पाहण्याच्या त्या दिवशी शहराने नदीपलीकडून उठणारा काळा धूर पाहिला. लाल विटांच्या त्या बहुमजली इमारतीत सुमारे दहा हजार चौरस मीटर क्षेत्र आगीने व्यापले. शेकडो जवान कामाला लागले, हेलिकॉप्टरमधून पाणी ओतावे लागले, आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा बळी गेला. गिरणीचे पूर्वीचे वैभव केव्हाच ओसरले होते. उत्पादन फारसे उरले नव्हते, काही दालने भाड्याने गेलेली, काही नुसतीच पडून होती.

जुन्या गिरण्या अशा का जळतात, याचे कारण त्यांच्या बांधणीतच असते. बाहेर जाड विटांच्या भिंती, आत लाकडी तुळया आणि फळ्यांचे मजले. त्या मजल्यांत यंत्रांचे तेल वर्षानुवर्षे मुरते आणि सांधीकोपऱ्यांत तंतूंची पूड साचते. पट्टे व जिने यांसाठी ठेवलेल्या पोकळ्यांतून ज्वाळा एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढतात आणि भिंती धुरांड्यासारख्या उभ्या राहतात. गिरणी चालू असते तोवर हजार डोळे तिच्यावर असतात, ठिणगी वेळीच दिसते. ती ओस पडली की पाहणारेच नाहीसे होतात. म्हणून अशा आगीचा इतिहास ठिणगीपासून मांडून भागत नाही; माणसे तिथून केव्हा आणि कशी गेली, तेथून तो मांडावा लागतो.

ही गिरणी १८४१ साली जेम्स थॉर्न्टन या ब्रिटिश उद्योजकाने स्थापन केली. शहराचे नाव पीटर्सबर्ग, पेट्रोग्राड, लेनिनग्राड आणि पुन्हा पीटर्सबर्ग असे बदलत गेले, तशी गिरणीचीही नावे बदलली. क्रांतीनंतर ती ‘क्रास्नी त्काच’, म्हणजे ‘लाल विणकर’, झाली. पुढे तिला जर्मन कम्युनिस्ट नेते एर्न्स्ट थेलमान यांचे नाव मिळाले आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिची ‘नेवाकाठची गिरणी’ झाली. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ती ‘थॉर्न्टन’ म्हणूनच राहिली. तिला हे स्थान मिळाले ते कापडामुळे नव्हे, तर एका वहीमुळे.

त्या वहीची हकीकत साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जाणून घ्यावी अशी आहे. १८९० नंतरच्या दशकात नेवाच्या डाव्या तीरावर, नेव्स्काया झास्तावा या कामगारवस्तीपलीकडे, प्रौढ कामगारांसाठी रविवारची व संध्याकाळची शाळा चाले. नादेझ्दा क्रुप्स्काया ही तरुणी तिथे शिकवीत असे. तिच्या विद्यार्थ्यांत क्रोलिकोव्ह नावाचा, थॉर्न्टन गिरणीत लोकर निवडणारा कामगार होता. गिरणीतील परिस्थितीची माहिती हवी आहे हे कळल्यावर त्याने एक अख्खी वही भरून आणली, आणि वहीत जे मावले नव्हते ते तोंडी सांगितले. त्यानंतर क्रुप्स्काया आणि तिची सहकारी अपोलिनारिया याकुबोवा डोक्याला रुमाल बांधून, कामगार बायकांचा वेष करून, गिरणीच्या वसतिगृहात शिरल्या. एकट्या कामगारांच्या आणि कुटुंबकबिल्याच्या अशा दोन्ही खोल्या त्यांनी स्वतः पाहिल्या. तिथले जिणे भयंकर होते, असे तिने पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

६ नोव्हेंबर १८९५ रोजी (आजच्या पंचांगाने १८ नोव्हेंबर) गिरणीच्या सुमारे पाचशे विणकरांनी काम बंद केले. त्यानंतर लेनिनने थॉर्न्टनच्या स्त्री-पुरुष कामगारांना उद्देशून एक पत्रक लिहिले. ते वाचताना प्रथम जाणवते ते असे की, त्यात घोषणा थोड्या आणि तपशील पुष्कळ आहेत. दर कोणत्या विभागात कसे घटले, सुताचा प्रकार बदलल्याने काम कसे मंदावले, वसतिगृहाचे भाडे किती जाचक आहे, या सगळ्याची तिथे नोंद आहे. मागण्याही तशाच नेमक्या. त्यांतली एक तर अगदी साधी : हाती घेतलेल्या कामाचा दर कामगाराला काम सुरू करण्यापूर्वी कळावा. कायद्यातच असलेली गोष्ट पाळली जावी, एवढेच ते मागणे होते. पत्रकाचे सामर्थ्य त्या वहीतून आलेले आहे. पत्रक लिहिणारा जगप्रसिद्ध झाला. वही भरणारा मात्र एका स्मरणग्रंथाच्या एखाद्या ओळीपुरताच उरला.

त्यानंतर महिन्याभरातच लेनिनला अटक झाली. पण १८९६ च्या उन्हाळ्यात पीटर्सबर्गच्या सुमारे तीस हजार कापड-कामगारांनी संप केला आणि १८९७ मध्ये झारच्या सरकारला कामाचा दिवस साडेअकरा तासांवर आणणारा कायदा करावा लागला. एका वहीने हे सारे घडवले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्या दिवसाचे मोजमाप आपणच लिहून काढता येते, ही जाणीव त्या संपांमागे होती, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

या गिरणीपासून आपल्या गिरणगावापर्यंत एक धागा येतो, आणि तो आम्ही ओढूनताणून जोडलेला नाही. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्या निषेधार्थ गिरणी कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, असा सहा दिवसांचा संप केला. जिनिव्हात विजनवासात असलेल्या लेनिनने त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात या संपाची दखल घेतली आणि हिंदुस्थानातील कामगारवर्ग जाणत्या राजकीय लढ्याइतका प्रौढ झाल्याचा निर्वाळा दिला. त्या लेखाच्या शीर्षकाचा अर्थ असा : जागतिक राजकारणातील ज्वालाग्राही सामग्री. थॉर्न्टनच्या खोल्यांचे भाडे मोजणाऱ्या लेखणीने तेरा वर्षांनी परळ-लालबागच्या माणसांना ज्वालाग्राही म्हटले. तेव्हा माणसे ज्वालाग्राही होती. शंभराहून अधिक वर्षांनी ज्वालाग्राही उरल्या त्या केवळ तुळया.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. म्हणजे थॉर्न्टन आणि ताडदेव यांच्यात जेमतेम तेरा वर्षांचे अंतर. १९२८ च्या प्रदीर्घ संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, तेव्हा तिच्या कल्पनाविश्वात नेवाकाठचे ते शहर होतेच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी राखलेला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागून चौदा जण मरण पावले, तेव्हा जळाली ती साचेखात्याची इमारत नव्हे, गच्चीवरची उपाहारगृहे जळाली. गिरणी त्यापूर्वीच केवळ पत्त्यापुरती शिल्लक होती. जयंत पवार यांच्या ज्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या नावातच ही राख आहे : ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’.

वर्गात गिरणगावाचे साहित्य शिकवताना आम्हांला येणारा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी अभ्यासाला घेतली, की पहिला प्रश्न येतो तो धोटा म्हणजे काय हा. प्रश्न विचारणाऱ्याचे आजोबा गिरणीत साच्यावर होते, हे पुष्कळदा नंतर कळते. साचेखाते, त्रासन, कांडी, बदली, खाडा, भोंगा : हे शब्द जळाले नाहीत, कुणी पुसलेही नाहीत; उच्चारणारी माणसे गेली तसे तेही गेले. विद्यार्थ्याला आम्ही सांगतो, आजीला विचारून ये. काही जण विचारून येतात. आजी मात्र शब्दाच्या अर्थावर थांबत नाही. आजोबांची पाळी, डब्यातली भाजी, संपातली दुसरी दिवाळी, विकलेली भांडी, गावी पाठवलेली मुले, असे सगळेच ती सांगू लागते. विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वर्गात येतो तो धोट्याची व्याख्या विसरून.

यातून आम्हांला वाटते ते असे. ऐतिहासिक इमारत जळाली की आपण हळहळतो आणि ते योग्यच आहे. नेवाकाठच्या त्या विटांच्या भिंती पुन्हा उभ्या राहणार नाहीत. पण इमारतीच्या जपणुकीची चर्चा बहुधा दर्शनी भिंत आणि धुरांडे यांच्याभोवती फिरते. दर्शनी भिंतीवर मालकाचे नाव असते. आतल्या माणसाचे नाव असते हजेरीपटात, पगाराच्या चिठ्ठीत, पतपेढीच्या पुस्तकात आणि क्रोलिकोव्हसारख्याच्या वहीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या आठवणी नोंदवून २००४ साली इंग्रजीत पुस्तक केले, हे मोठेच काम. तेवढ्यावर मराठीच्या अध्यापकांची जबाबदारी संपते असे मात्र नाही. संपकाळातली पत्रके, चाळीच्या भजनी मंडळाच्या वह्या, गावाकडे धाडलेली पत्रे आजही एखाद्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. घर बदलताना ती रद्दीत जातात. तिथे धूर दिसत नाही, बंब येत नाही, म्हणून ती आग कुणाच्या लक्षात येत नाही, इतकेच.

क्रुप्स्काया पुढे काय झाली आणि तिच्या पक्षाने काय केले, याविषयी मते भिन्न असतील. तो वाद येथे नको. आम्हांला तिच्यातली रविवारच्या शाळेतली शिक्षिका आठवते. विद्यार्थ्याने वही आणून दिली तेव्हा ती तिने वाचली. जे लिहिले होते ते खरेच तसे आहे का, हे पाहण्यासाठी ती डोक्याला रुमाल बांधून त्या खोल्यांपर्यंत गेली. थॉर्न्टनची गिरणी २०२१ मध्ये जळाली, तरी १८९५ साली तिथे खोलीचे भाडे जाचक होते आणि सूत बदलल्याने काम मंदावले होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आमच्या वर्गात यंदाही गिरणगावचे साहित्य आहे. या वेळी धोट्याचा अर्थ आम्ही फळ्यावर लिहून देणार नाही. आजीने जे सांगितले ते सगळे वहीत उतरवून आणा, असे सांगणार आहोत.