पदवीविना बर्लिन : सालिम अली यांची अभ्यासरजा (१९२८-१९३०)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशी शिक्षणासाठी गेलेल्या हिंदी मुस्लिम तरुणांचा विषय निघाला की बहुधा विलायतेतील बॅरिस्टरीच डोळ्यांसमोर येते. मुंबईच्या तय्यबजी घराण्यात ती वाट चांगलीच मळलेली होती. त्याच घराण्याच्या छायेत वाढलेले सालिम अली मात्र १९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन निघाले ते कायदा शिकण्यासाठी नव्हे आणि इंग्लंडलाही नव्हे. ते बर्लिनला गेले, पक्षिशास्त्र शिकायला. वय बत्तिशीच्या आसपास, पत्नी आणि नोकरी आहे, पण विद्यापीठाची पदवी नाही.

पदवी नसण्याची हकीकत थोडक्यात अशी. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले व मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. सेंट झेवियर्स कॉलेजचे पहिले वर्षच अवघड गेले, तेव्हा ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशात तावॉय येथे कुटुंबाच्या व्यवसायात गेले. १९१७ साली परतल्यावर त्यांनी वाणिज्य कायदा व हिशेबशास्त्र शिकायला घेतले. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी मन वळवल्यामुळे प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा झाला, एवढेच. झूलॉजिकल सर्व्हेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा पदवीअभावी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांत तिचा कंटाळा आला आणि त्यांनी रजा मागितली.

बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात पक्षिविभागाचे प्रमुख होते एर्विन श्ट्रेझमान. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे बव्हंशी मारलेल्या पक्ष्यांची कातडी मोजणे, नावे देणे व कपाटात लावणे. हे काम श्ट्रेझमान यांनाही उत्तम येत होते. पण जिवंत पक्ष्याचे वर्तन, त्याचे प्रजनन, त्याचा परिसर यांनाही शास्त्रात तितकेच स्थान हवे, असा त्यांचा आग्रह होता. सालिम अली त्यांना पुढे आयुष्यभर गुरू मानत. बर्लिनमध्येच त्यांची ऑस्कर हाइनरोट, बर्नहार्ड रेन्श यांच्यासारख्या अभ्यासकांशी गाठ पडली. हेल्गोलँड बेटावरील केंद्रात पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून स्थलांतर कसे अभ्यासतात, तेही त्यांनी पाहिले. १९५९ नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षिस्थलांतराचा जो मोठा प्रकल्प चालवला, त्यात हा अनुभव कामी आला.

अभ्यासासाठी त्यांच्यापुढे जे नमुने होते, त्यांत जे. के. स्टॅनफर्ड यांनी ब्रह्मदेशात जमवलेले पक्षी होते. तरुणपणीची वर्षे त्याच देशात घालवलेल्या माणसाने ते तपासावेत यात वावगे काहीच नव्हते. परंतु क्लॉड टाइसहर्स्ट या इंग्रज पक्षितज्ज्ञांना या कामात एक हिंदी माणूस असणे रुचले नाही आणि जर्मन प्राध्यापकाचा सहभाग तर त्याहून खुपला. हा स्टॅनफर्ड यांचा अपमान आहे, अशा आशयाची पत्रे त्यांनी सोसायटीला लिहिली. सोसायटीतील रेजिनाल्ड स्पेन्स व प्रेटर यांनी ती मनावर घेतली नाहीत आणि काम चालू राहिले. ज्ञानाला जात नसते असे आपण वर्गात सांगतो; नमुन्यांच्या पेट्यांना मात्र ती होती.

१९३० मध्ये सालिम अली मायदेशी परतले, तेव्हा म्युझियममधील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली होती. अभ्यासरजेवर जाणाऱ्या कोणाही अध्यापकाला ही धास्ती परकी वाटणार नाही. पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि वेळेला तोटा नव्हता. त्या पावसाळ्यात त्यांनी दिवसचे दिवस ती घरटी न्याहाळली. मराठीने या पक्ष्याला गृहिणीचे नाव दिले असले तरी घरटे विणणारा असतो नर. तो अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच आत राहते. मग नर ते पुरे करतो आणि ती अंडी उबवू लागली की हा दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हे निरीक्षण १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नव्हती. काय पाहायचे आणि कसे टिपायचे, ही तालीम तेवढी लागली होती आणि ती बर्लिनची होती.

नोकरी नव्हतीच, तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : प्रवासाचा व छावणीचा खर्च द्या, पक्ष्यांची पाहणी विनामोबदला करून देतो. पहिली पाहणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३१-३२ मध्ये झाली. छावणीचा कारभार तहमीना बेगम सांभाळत. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन आणि १९३८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळकडचा मध्य भारत. १९३९ मध्ये तहमीना बेगम वारल्या. पाहण्या पुढेही चालू राहिल्या.

त्यांच्या नावामागे लागणारी ‘डॉक्टर’ ही उपाधी बर्लिनची नव्हे. ती १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने दिली आणि तीही मानद होती.