परक्याची नजर

इंग्लंडमधल्या हारवेल इथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड बार्न्स आणि जॉन लौटिट यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या उंदरांवर क्ष-किरणांचा मारा केला. मात्रा इतकी, की उंदरांची स्वतःची अस्थिमज्जा जळूनच जावी. मग काहींना त्यांच्याच कुळातल्या उंदरांची मज्जा टोचली, काहींना परक्या कुळातली. पहिल्या गटात ल्युकेमिया परतला. दुसऱ्या गटात तो परतला नाही, पण ते उंदीर खंगून मेले.

रोगापेक्षा औषध भयंकर, असंच कुणीही म्हटलं असतं. पण १९५६ साली निष्कर्ष छापताना या दोघांनी वेगळी शंका मांडली: किरणांतून वाचलेल्या कर्कपेशी परकी मज्जाच टिपून मारत असेल का?

या शंकेला दाद मिळायला दोन दशकं गेली. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी माणसांवर मज्जा-प्रत्यारोपण सुरू केलं, तेव्हा डॉक्टरांची सारी लढाई त्या खंगण्याशीच होती. दात्याच्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, रुग्णाची त्वचा, यकृत, आतडी परकी समजून पोखरत. १९७९ साली थॉमस यांच्याच सिएटलच्या गटाने हिशेब मांडला, तर ज्यांना हा त्रास झाला त्यांच्यात ल्युकेमिया कमी वेळा उलटला होता. तरीही पुढच्या दशकात अनेक ठिकाणी दात्याच्या मज्जेतून टी-पेशी गाळून काढायचा प्रयोग झाला. त्रास कमी झाला खरा, पण आजार परतू लागला. १९९० साली २,२५४ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांतही रोग उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. मज्जा जितकी हुबेहूब आपली, तितकी ती कर्कपेशींकडे काणाडोळा करणारी! उंदरांनी हेच चौतीस वर्षं आधी सांगितलं होतं.

पण परक्या टी-पेशीला नेमकं दिसतं काय? कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ साली उंदरांमधल्या विषाणूचा माग काढताना याची किल्ली शोधली. धान्याचा व्यापारी पोत्यातली मूठभर ज्वारी दुकानाच्या दर्शनी भागात मांडतो, तशी जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडत असते. माणसात ही मांडणी करणाऱ्या रेणूंना एचएलए म्हणतात. टी-पेशी पोतं उघडत नाही, नमुना पाहते. स्वतःच्या टी-पेशींना हे नमुने लहानपणापासून ओळखीचे असतात, आणि ल्युकेमियाची पेशी तर घरचीच. तिचे बहुतेक नमुने घरचेच दिसतात.

नेदरलँड्समधल्या लायडनला एल्स गुल्मी यांनी परक्या टी-पेशीला वेगळे दिसणारे नमुने वेचण्यात कारकीर्द घातली. १९७६ साली त्यांना एका स्त्री-रुग्णाच्या रक्तात पुरुषांच्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी सापडल्या. पुढे त्यांच्या गटाने एचए-१ या अशाच एका नमुन्याची रचना उलगडली, तीही थक्क करणारी. नऊ अमिनो आम्लांची साखळी आणि फरक एकाच जागी: काहींत हिस्टिडीन, काहींत आर्जिनीन. रुग्णाकडे हिस्टिडीनचा आणि दात्याकडे फक्त आर्जिनीनचा नमुना असेल, तर दात्याच्या टी-पेशीला तेवढा फरक पुरतो. शिवाय एचए-१ मुख्यतः रक्त घडवणाऱ्या पेशींवरच असल्याने त्वचा आणि यकृत बचावू शकतात. नाहीतर प्रत्यारोपणात सुक्याबरोबर ओलं जळायचंच.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातलं पहिलं मज्जा-प्रत्यारोपण झालं. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी सिएटलहून शिकून आलेले. बालपणीच्या पोलिओमुळे ते व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरत. चार दशकांनी, २०२३ साली, त्याच टाटा केंद्राच्या आणि आयआयटी मुंबईच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. इथे दाता लागतच नाही. रुग्णाच्याच टी-पेशींना सीडी-१९ हे कर्कपेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन थेट पकडणारा कृत्रिम हात जोडतात. एचएलएच्या दुकानात डोकावायची गरज उरत नाही. अर्थात सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, म्हणून त्याही बळी पडतात.

कर्कपेशीही गप्प बसत नाहीत. काही रुग्णांत त्या सीडी-१९ टाकून देऊन परततात. २००९ साली इटलीतल्या मिलानमधल्या डॉक्टरांनी याहून चलाख पळवाट दाखवली. अर्धा एचएलए जुळणाऱ्या दात्याची मज्जा दिल्यानंतर उलटलेल्या काही ल्युकेमियांनी न जुळणारा अर्धाच जनुकांतून काढून टाकला होता, म्हणजे दात्याच्या टी-पेशींना जो परका वाटत होता नेमका तोच भाग. अशा रुग्णाला त्याच दात्याच्या पेशी पुन्हा देऊन फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर मग दुसरा दाता शोधू लागतात.