कासवाचा कागद कुठे शोधायचा?

संशोधनाचा विषय ठरवताना आपण आधी कागद कुठे आहेत ते बघतो. त्यात चूक काहीच नाही. पण कागद नाहीत म्हणजे इतिहासच नाही, असं मानायचं का? मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. शेजारी सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला. १७५६ साली तो तहाने इंग्रजांकडे गेला आणि त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया पडलं. तह, जकात, महसूल यांचे कागद इथे शोधता येतात. पण हिवाळ्यात रात्री याच पुळणीवर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले मादी? ती ना सारा भरत होती, ना तह करत होती. जनावर दप्तरात येतं ते बहुधा त्याच्यावर कर बसला, त्याची शिकार झाली किंवा त्याच्यासाठी कायदा झाला तरच.

मग कायदा बघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. म्हणजे ते सुरक्षित झालं, असं लिहून मोकळे होऊ नका. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी वेळासला आले, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी माणसं काढून नेत होती. कायदा झाल्याची तारीख आणि लोकांचं वागणं बदलल्याची तारीख एक नसते, हे इथे शिकायचं.

त्यानंतर गावकऱ्यांच्या साथीने घरटी कुंपणात हलवणं सुरू झालं. एका घरट्यात साधारण १०० ते १५० अंडी असतात आणि पिल्लं ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. ती मोजून समुद्रात सोडतात. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले. २०२२ मध्ये इथल्या एका मादीला उपग्रह ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’.

रामसर कराराच्या व्याख्येत ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही पाणथळ जागेत धरतात. तरीही अभयारण्यांच्या सरकारी यादीत तुम्हाला वेळास सापडणार नाही. हा आसरा गावाने राखलाय. म्हणून त्याचा इतिहास घरट्यांच्या नोंदींत आणि माणसांच्या आठवणींत शोधावा लागतो.

इथेच खरी जबाबदारी येते. आजोबांना थेट ‘तुम्ही अंडी काढायचात का?’ असं विचारू नका. तेव्हाची रीत आज गुन्हा आहे. ‘रात्री पुळणीवर कोण जायचं, कशासाठी?’ असं विचारा आणि ऐकत राहा. प्रबंधात नाव घालण्याआधी दोनदा विचार करा. तुमचं प्रकरण पूर्ण होईल, पण त्या माणसाला त्याच गावात राहायचं असतं.