तुमच्या नावावर दुसऱ्यानेच कर्ज काढले तर? ऑनलाइन ओळख चोरी कशी टाळावी

ओळख चोरी म्हणजे तुमचे नाव, जन्मतारीख, आधार किंवा पॅन क्रमांक वापरून दुसऱ्या कुणीतरी ‘तुम्ही’ म्हणून व्यवहार करणे. यात तुमच्या खात्यातून पैसे जातीलच असे नाही. तुमच्या पॅनवर छोटे कर्ज उचलले जाते किंवा आधारवर सिम घेतले जाते. तुम्हाला ते कळते वसुलीचा फोन आल्यावर, नाहीतर गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेल्यावर.

बऱ्याचदा ही माहिती आपणच वाटत असतो. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. या दोन्ही गोष्टी तुमच्या फेसबुक प्रोफाइलवर दिसत असतील, तर झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर राहून गेलेली ती फाइल कुणीही उघडू शकतो. त्यामुळे प्रोफाइलवरून निदान जन्मवर्ष तरी लपवा. शुभेच्छा द्यायला लोकांना तारीख पुरते.

जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही, उदाहरणार्थ हॉटेलमध्ये, तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मोफत डाउनलोड होते. बोटांच्या ठशांचा गैरवापर होऊ नये म्हणून तिथेच बायोमेट्रिक लॉकही करता येते. झेरॉक्सवर सही करून तारीख आणि कारण लिहिण्याची जुनी पद्धत आजही चांगलीच आहे.

‘माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना,’ असा ओळखीच्या नंबरवरून मेसेज आला, तरी सहा अंकी कोड देऊ नका. त्या मित्राचे व्हॉट्सॲप आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेले असू शकते. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावून घ्या.

एवढे करूनही माहिती फुटू शकते, म्हणून आपल्या नावावर काय चालले आहे ते अधूनमधून बघायला हवे. तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसते. अनोळखी नंबर तिथूनच कळवता येतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. चौघांचे एकदम मागवू नका, दर तीन महिन्यांनी एकेकाचा मागवा. म्हणजे वर्षभर लक्ष राहते.

रिपोर्टमध्ये न घेतलेले कर्ज दिसले, तर कर्ज देणारी कंपनी आणि क्रेडिट कंपनी या दोघांकडे लेखी तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत तक्रारीचा निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा. सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तक्रारीचा क्रमांक आणि प्रत जपून ठेवा, वसुलीवाल्यांचा पुन्हा फोन आला की ती लागते.