पोलीस दाखला, स्थलांतर अर्जासाठीचा : भारतवारीनंतरची ग्राह्यता

परदेशात कायम वास्तव्याची परवानगी मागणाऱ्या अर्जदाराच्या नावावर गुन्हेगारी नोंद आहे किंवा नाही, हे सांगणारा सरकारी दाखला. भारतात त्याचे नाव ‘पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट’. बोलताना सगळे ‘पीसीसी’च म्हणतात. परदेशातील मराठी माणसे अर्जाच्या तयारीत हा दाखला काढून ठेवतात. मग लग्नकार्य निघते, आईचे ऑपरेशन ठरते किंवा दिवाळीची तिकिटे स्वस्त मिळतात आणि भारतवारी होते. परतल्यावर धास्ती वाटू लागते, की या फेरीमुळे दाखला बाद तर झाला नाही? चार-सहा आठवड्यांच्या फेरीने तो सहसा बाद होत नाही. पण या धास्तीपोटी पुन्हा अर्ज, पुन्हा फी आणि पुन्हा पोलीस पडताळणी असा खटाटोप अनेक जण विनाकारण करतात. याउलट, ज्यांनी दाखला खरोखर नव्याने काढायला हवा, ते गाफील राहतात.

दाखल्याची मुदत सहसा तो देणारा देश ठरवत नाही, मागणारा देश ठरवतो. त्यामुळे एकच पीसीसी एका देशाच्या अर्जात चालतो आणि दुसऱ्याच्या अर्जात जुना ठरतो. दाखला दिल्याच्या तारखेपर्यंतचीच हमी देतो. पुढच्या काळाबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. म्हणून मागणारे देश दोन गोष्टी पाहतात : दाखला किती जुना आहे, आणि तो निघाल्यानंतर अर्जदार त्या देशात पुन्हा राहिला का. सगळा घोळ या ‘राहिला’पाशी होतो. सुट्टीत आईवडिलांकडे येऊन जाणे आणि त्या देशात वास्तव्य करणे यांत बहुतेक देश फरक करतात, मात्र रेघ प्रत्येकाने वेगळ्या जागी मारली आहे.

कॅनडाचा नियम त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. ‘एक्स्प्रेस एंट्री’ या कुशल कामगारांसाठीच्या स्थलांतर योजनेत वय १८ पूर्ण झाल्यानंतरच्या आणि गेल्या १० वर्षांतल्या काळात ज्या ज्या देशात सलग ६ महिने किंवा अधिक मुक्काम झाला, त्या प्रत्येक देशाचा दाखला द्यावा लागतो. खुद्द कॅनडाचा लागत नाही. अर्जदार सध्या जिथे राहतो त्या देशाचा दाखला अर्ज भरण्याच्या दिवशी ६ महिन्यांपेक्षा जुना नसावा. बाकी देशांना ही ६ महिन्यांची अट नाही. तिथला शेवटचा दीर्घ मुक्काम संपल्यानंतर तो दाखला निघालेला असावा, एवढेच पाहिले जाते. समजा, एखादी मुलगी सांगलीहून शिकायला टोरांटोला गेली, तिथे नोकरीला लागली आणि तिने भारताचा पीसीसी वर्षभरापूर्वी काढला. त्यानंतर ती महिनाभर घरी येऊन गेली, तरी तिचा दाखला चालतो. कारण ती राहते कॅनडात, आणि महिनाभराच्या फेरीला नियम वास्तव्य मानत नाही. इतकाच जुना दाखला सांगलीतच राहून अर्ज करणाऱ्या तिच्या भावाने जोडला असता, तर मुदत उलटलेला ठरला असता. घरोघरी ‘पीसीसी सहा महिनेच चालतो’ असे सांगितले जाते. त्यात हा निम्मा नियम गळालेला असतो.

‘सलग’ या अटीला इथे वजन आहे. दोन वर्षांत चार-चार महिन्यांच्या दोन फेऱ्या झाल्या, तर त्यांची बेरीज केली जात नाही. पण एकच फेरी लांबत लांबत ६ महिन्यांवर गेली, तर भारत पुन्हा वास्तव्याचा देश होतो आणि त्याआधी काढलेला दाखला निरुपयोगी ठरतो. करोनाच्या काळात असे पुष्कळांचे झाले. भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली आणि ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत केली. मधल्या काळात ‘वंदे भारत’ या सरकारी मोहिमेची आणि मोजक्या देशांशी केलेल्या करारांची उड्डाणे होती, पण २०२१ च्या एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कॅनडाने भारतातून येणारी थेट विमाने बंद ठेवली. थोड्या दिवसांसाठी आलेली माणसे सात-आठ महिने अडकली. तो मुक्काम मनाविरुद्ध होता, पण नियम कारण विचारत नाही, कालावधी मोजतो. दहा वर्षांची खिडकी लक्षात घेतली, तर त्या मुक्कामांची दखल २०३० नंतरही काही काळ घ्यावी लागेल. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून येण्याजाण्याच्या तारखा आताच लिहून ठेवल्या, तर पुढे अर्जातला प्रवासाचा तक्ता भरताना स्मरणावर विसंबावे लागत नाही.

कॅनडाकडून अर्ज करण्याचे निमंत्रण आल्यावर एक्स्प्रेस एंट्रीचा पूर्ण अर्ज ६० दिवसांत भरावा लागतो. या मुदतीत दाखला हाती येईलच याची खात्री नसते, म्हणून लोक तो आधीच काढून ठेवतात, आणि ते शहाणपणाचेच आहे. अधिकाऱ्याला मात्र अर्ज चालू असताना केव्हाही नवा दाखला मागण्याचा हक्क असतो. मागितला तर वाद न घालता द्यावा.

अमेरिकेची रीत वेगळी आहे, आणि ‘घरी जाऊन आलो’ या गोष्टीला खरे महत्त्व तिथेच आहे. वकिलातीमार्फत होणाऱ्या ग्रीन कार्डच्या प्रकरणात १६ वर्षांवरील अर्जदाराला दाखले द्यावे लागतात : नागरिकत्वाच्या आणि सध्याच्या वास्तव्याच्या देशाचा तिथे ६ महिन्यांपेक्षा जास्त राहिला असल्यास, पूर्वीच्या वास्तव्याच्या देशाचा १२ महिने किंवा अधिक राहिला असल्यास, आणि जिथे अटक झाली असेल त्या देशाचा, तिथला मुक्काम कितीही लहान असला तरी. दाखल्याची मुदत २ वर्षे. तिला अपवाद एकच : दाखला पूर्वीच्या वास्तव्याच्या देशाचा असेल आणि तो निघाल्यानंतर अर्जदार त्या देशात परत गेलेलाच नसेल, तर मुदत संपत नाही. येथे कॅनडासारखी ६ महिन्यांची सवलत नाही. दुबईत राहणाऱ्या पुणेकराने भारताचा दाखला काढला आणि त्यानंतर भारतात पाऊलही ठेवले नाही, तर तो दाखला टिकतो. गणपतीला येऊन गेला, तर २ वर्षांची मर्यादा लागू होते. दाखला तत्काळ रद्द होतो असे नव्हे, पण मुलाखतीच्या दिवशी त्याला २ वर्षे उलटून गेलेली नसावीत. अमेरिकी नागरिकांच्या भावंडांच्या वर्गात भारतीयांची रांग १५ वर्षांहून लांब आहे, आणि कागदपत्रे दिल्यानंतरही मुलाखतीला वेळ लागू शकतो. म्हणून या वर्गातल्या कुटुंबांनी दाखला फार लवकर काढण्यात अर्थ नाही. अमेरिकेत राहणाऱ्याने किंवा पूर्वी राहिलेल्याने वकिलातीच्या प्रकरणात अमेरिकेचा दाखला देण्याची गरज नसते. अमेरिकेतच राहून तिथल्या तिथे ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकाला तर सहसा भारताचा पीसीसीही जोडावा लागत नाही. कधी अटक किंवा आरोप झाला असेल, तर त्याचे कागद मात्र द्यावे लागतात. तोच माणूस उद्या कॅनडाचा अर्ज करू लागला, की एफबीआयचा दाखला बोटांच्या ठशांसह काढावा लागतो.

ऑस्ट्रेलियात दाखला निघाल्यापासून १२ महिने चालतो. तिथे गेल्या १० वर्षांतला मुक्काम सलग नव्हे, तर एकूण मोजतात : वयाच्या १६ व्या वर्षानंतर कोणत्याही देशात मिळून १२ महिने भरले, की त्या देशाचा दाखला लागतो. म्हणजे कॅनडा ज्या लहान फेऱ्या सोडून देतो, त्या ऑस्ट्रेलिया जोडत जातो. न्यूझीलंडला निवासाच्या अर्जासाठी ६ महिन्यांच्या आतला दाखला हवा असतो, १७ वर्षांवरील प्रत्येकाचा, आणि नागरिकत्वाच्या देशाचा तर हवाच, तिथे कधी राहिलोच नाही हे सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. युरोपात गेलेल्या गोवेकरांना ही बाब लागू पडते. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या शहरात राहणाऱ्या अनेकांचे पोर्तुगालमध्ये वास्तव्य झालेलेच नसते. कॅनडा त्यांना पासपोर्टवरून नव्हे, मुक्कामावरून दाखले मागतो. त्यांच्या भारतातल्या वर्षांसाठीचा दाखला भारतीय वकिलातीमार्फत मिळतो. पोर्तुगालचा स्वतःचा दाखला तर तीनच महिने चालतो, त्यामुळे तो लागत असेल तर अगदी शेवटी काढावा.

भारतात पीसीसी पासपोर्ट कार्यालय देते. ऑनलाइन अर्ज, ५०० रुपये फी, पासपोर्ट सेवा केंद्रातली वेळ आणि गरज पडल्यास पोलीस पडताळणी, असा हा मार्ग आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर, तर गोव्यात पणजी येथे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये आहेत. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही या दाखल्याची सोय झाली, आणि तालुक्याच्या गावच्या माणसाचा मोठा फेरा वाचला. पर्यटक व्हिसासाठी पीसीसी मिळत नाही. तो एखाद्या विशिष्ट देशासाठी काढला जातो, म्हणून कॅनडासाठीचा दाखला ऑस्ट्रेलियाच्या अर्जाला जोडू नये. नोकरीसाठी पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला हा वेगळा कागद आहे. गावच्या पोलीस ठाण्याचा शिक्का आहे म्हणून तो इथे चालत नाही.

भारतवारीतच दाखला काढून घ्यावा का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कॅनडात स्थिरावलेल्याने काढावा. मुक्काम ६ महिन्यांखालचा असला, तर तो दाखला परतल्यावरही चालतो. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख जवळ आली असेल तरीही काढावा. पण पडताळणीसाठी पोलीस घरी येतील तेव्हा अर्जदाराने तिथे असणे सोयीचे असते, म्हणून सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज करावा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये.

हे नियम सरकारे बदलतात. अमेरिकेची मुदत पूर्वी एकाच वर्षाची होती. अर्ज भरण्याच्या दिवशी, ज्या देशासाठी अर्ज आहे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर भारताच्या नावाखालची सूचना स्वतः वाचावी, आणि एजंटाने सांगितले म्हणून चालू दाखला टाकून नवा काढू नये.